छेदात कोण बसतं?

दर रविवारी माझ्या मामेभावाचा फोन येतो. तो सातारा जिल्ह्यातल्या एका सिनियर कॉलेजात शिकवतो, मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, संध्याकाळचे गणिताचे वर्ग घेते. गेलं वर्षभर आमचा वाद एकाच गोष्टीवर अडलाय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. क्रेडिट जमा राहतात, सवडीने परत या. मला हे पटतं. तो म्हणतो, "ताई, आमच्याकडे एफवायनंतर गळालेल्या मुलीचं बहुतेक वेळा लग्न झालेलं असतं. ते सर्टिफिकेट काय रुखवतात मांडायचं?"

मला पटतं, कारण माझा वर्गच तसा आहे. दिवसभर गोदामात उभं राहून आलेला मुलगा, पाळणाघर बंद व्हायच्या आत निघून जाणारी आई, दहा वर्षांनी पुन्हा बीजगणिताला हात घालणारा ड्रायव्हर. एका सेमिस्टरला दोन विषय घेतील, पुढच्याला एकही नाही. दोन वर्षांची असोसिएट डिग्री पाच-सहा वर्षांनी पदरात पडते.

पण अमेरिकी सरकार यश मोजतं कसं? १९९० च्या कायद्याने कॉलेजांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करणं भाग पडलं. ते काढताना छेदात फक्त पूर्णवेळ आणि आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले विद्यार्थी, तेही फॉल, म्हणजे शरद ऋतूतल्या, सेमिस्टरला दाखल झालेले. मुदत नेमल्या वेळेच्या दीडपट, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीला तीन वर्षं. एकदा मी गंमत म्हणून वर्गात हात वर करायला सांगितले. चोवीसांतले पाच जण त्या छेदात बसत होते. बाकीचे सरकारच्या लेखी नापासही नव्हते, नव्हतेच! आणि त्या पाचांतली एक वर्षभरात रटगर्स विद्यापीठात निघून गेली, तर डिग्री न घेता गेली म्हणून आमच्या अंशात तीही नाही. आपल्याकडे अकरावीला आणलेलं पोर आयआयटीला गेलं की कॉलेज फ्लेक्स लावतं.

ही ओरड इतकी झाली की २०१५-१६ पासून अर्धवेळ आणि दुसरीकडून आलेले विद्यार्थीही मोजायला लागले, आठ वर्षांपर्यंत. उशिरा का होईना.

हे ऐकून भाऊ खूश. "म्हणजे तिकडेही आनंदच!" मग मी त्याला त्याच्या कॉलेजच्या निकालाचं विचारलं. टीवायचा निकाल नव्वदीच्या वर, नोटीस बोर्डावर पेढ्यांसकट. छेदात कोण? परीक्षेला बसलेले. एफवायला प्रवेश घेतलेल्यांपैकी किती उरले, हे त्या कागदावर कुठेच नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या कॉलेजांच्या क्रमवारीत निर्धारित वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण मागतात खरं, पण तिथे माहिती भरणारी कॉलेजं किती, आणि गावातले आईबाप ती बघतात कधी? अमेरिकेचा छेद चुकीचा होता, पण निदान पहिल्या दिवसापासून धरलेला होता. आपण शेवटच्या दिवशी जे समोर उभे असतात त्यांनाच मोजतो.

पहिल्या दिवसापासून मोजल्याने काय होतं त्याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'असॅप' ही योजना सुरू केली. उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, बस-मेट्रोच्या प्रवासासाठी मेट्रोकार्ड आणि वारंवार गाठणारा सल्लागार. अट एकच मोठी, पूर्णवेळ शिकायचं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तपासलं, तर तीन वर्षांत या गटातले ४० टक्के पदवीधर झाले, दुसऱ्यातले २२. माझ्या वर्गातल्या आईला पूर्णवेळची अट झेपणार नाही, हे आहेच. पण मेट्रोकार्ड! आपल्याकडे किती जणींचं कॉलेज एसटीच्या एका फेरीवर लटकलेलं असतं.

तर भावाला म्हटलं, सर्टिफिकेट राहू दे बाजूला. तीन वर्षांपूर्वीचं एफवायचं प्रवेश रजिस्टर काढ आणि यंदाच्या टीवायच्या यादीशी ताडून बघ. कोण गेलं आणि का.

परवा त्याने ऑफिसातून फोन केला. कितीतरी जणींनी दाखलाच नेलेला नाही. ज्यांनी नेला, त्यांच्या दाखल्यावर कॉलेज सोडण्याच्या कारणाचा रकाना भरलेला आहे, सगळीकडे एकाच अक्षरात, एकच वाक्य: पालकांच्या विनंतीवरून.