आठ वॅटचे दिवे लावताना

घरात काचेच्या तापत्या दिव्यांवर (त्यांनाच ट्यूब किंवा व्हॉल्व्ह म्हणतात) चालून गाण्याचा आवाज मोठा करणारा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर आणण्याचा आपला निर्णय पक्का झाला असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. मात्र लगेच गाणे ऐकण्याची घाई करू नये. १९४७ साली बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या काही दशकांत त्याने घरोघरच्या व्हॉल्व्हना माळ्यावर धाडले, ही मानवजातीची घोडचूक होती असे आपले ठाम मत असणारच; परंतु ती चूक पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एकट्याने दुरुस्त करायची, तर काही पथ्ये पाळावी लागतात.

निवड करताना ‘३००बी’ या ट्यूबखेरीज दुसऱ्या कशाचा विचार मनात आणू नये. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने ती १९३८ साली बाजारात आणली, आणि डाव्या किंवा उजव्या स्पीकरसाठी एकच ट्यूब वापरली की त्या बाजूला सुमारे आठ वॅट मिळतात. दोन्ही बाजू मिळून सोळा वॅट पदरात पडावेत म्हणून हे यंत्र भिंतीतून दीडशे वॅटच्या आसपास वीज घेते, आणि क्लास ए पद्धतीचे असल्यामुळे गाणे चालू असो वा नसो, ती तेवढीच घेत राहते. उरलेल्या विजेची उष्णता होऊन ती आपल्याच खोलीत मुक्कामाला येते. डिसेंबरात, सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत, हे फार सुखावह वाटते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पंखा लावावा की तानपुऱ्याचे बारकावे ऐकावेत, असा प्रश्न उभा राहतो. आपण अर्थातच पंखा बंद करावा. घरच्यांना घाम आला तरी त्यांच्या कानांवर संस्कार होत आहेत, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

आठ वॅट पुरतील का, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर सत्त्याऐंशी डेसिबल देणारा साधा स्पीकर असेल, तर वॅट दुप्पट केल्यावर तीन डेसिबल वाढतात, या हिशेबाने आठ वॅटमध्ये शहाण्णव डेसिबलपर्यंत पोचता येते, आणि ख्याल ऐकण्यासाठी तेवढे भरपूर झाले. परंतु इतक्या सरळ हिशेबाने समाधान मानणे हे आपल्यासारख्या रसिकाला शोभत नाही. शंभर डेसिबलच्या घरातले, गोदरेजच्या कपाटाएवढे हॉर्न स्पीकर आणावेत आणि त्यांना जागा व्हावी म्हणून दिवाण विकून टाकावा. पाहुणे आले तरी बसायला जागा नसल्यामुळे लवकर उठतील, हा वेगळा फायदा.

आता मूळ मुद्दा, म्हणजे आवाज. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ, शेकडा एकाच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते, तर आपल्या लाडक्या यंत्राची, पूर्ण ताकदीला पोचेपर्यंत, काही टक्क्यांवर जाते. हे आकडे कोणी तोंडावर फेकले तर दचकू नये. या विकृतीत मोठा वाटा दुसऱ्या हार्मोनिकचा असतो, आणि दुसरा हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्या. गायकाने मध्य सप्तकातला षड्ज लावला, की आपले यंत्र त्यात तार षड्ज हलकेच मिसळते. थोडासा तिसरा हार्मोनिकही आला तर तार सप्तकातला पंचमही लागतो. कोणी न बोलावता साथीला बसलेला, बिदागी न मागणारा आणि कधीही बेसूर न होणारा असा संगतकार पुण्यात दुसरा मिळणार नाही. मूळ ध्वनिमुद्रणात नसलेली गोष्ट ऐकू येते, म्हणूनच तर ते गाणे ‘अधिक खरे’ वाटते; हे वाक्य पाठ करून ठेवावे आणि कोणी त्याचा अर्थ विचारल्यास डोळे मिटून घ्यावेत.

पडदा टाकून दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकवण्याचा आणि कोणता कुठला ते ओळखायला लावण्याचा प्रस्ताव एखादा उद्धट भाचा मांडील. तो कटाक्षाने टाळावा. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी आपला स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर फेरफार करून एका महागड्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरसारखा वाजवून दाखवला होता, आणि ‘स्टिरिओफाइल’ या मासिकाच्या संपादकांना दोहोंत फरक सांगता आला नव्हता. ते संपादक होते, आपण पुणेकर आहोत. आपल्याला फरक सांगता आला नाही तर तो दोष पडद्याचा आहे, असे म्हणून चहा मागवावा.

गाणे कोठून येते, याची चिकित्सा मात्र करू नये. मोबाइल, इंटरनेट, डिजिटल कन्व्हर्टर अशा वाटेने येताना ते अब्जावधी ट्रान्झिस्टरांचा स्पर्श होऊन बाटलेले असते. शेवटी दोन दिव्यांतून गेले की त्याची शुद्धी होते. या शहराला अशी प्रायश्चित्ते नवी नाहीत.

दैनंदिन सेवेबाबत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. ऐकण्याच्या अर्धा तास आधी यंत्र तापत ठेवावे, त्यामुळे अचानक ऐकावेसे वाटणे ही सवय आपोआप सुटते. ज्यात ट्यूबचा बायस, म्हणजे गाणे नसतानाही तिच्यातून वाहणारा ठरावीक प्रवाह, हाताने लावावा लागतो असे यंत्र असेल तर तपकीर गल्लीतून एक बरा मल्टिमीटर आणावा आणि दर रविवारी, बाकीचे लोक मिसळ खात असताना, मिलीअँपिअर मोजत बसावे. येथे क्षणभर उपरोध बाजूला ठेवतो: आत चारशे व्होल्टच्या घरात दाब असतो, बटण बंद केल्यावरही तो विजेचा साठा धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो, तेव्हा माहिती नसल्यास खालचे झाकण उघडू नये, आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र वाजवू नये, कारण त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आता पूर्ववत.

सोसायटीचा पंप सुरू होताना होणारा ठक्क आवाज, शेजारच्या मिक्सरची खरखर, गुरुवारची वीजकपात या साऱ्यांची नोंद एका वहीत ठेवावी. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत तर विशेष आनंद आहे. ट्यूबच्या आतील नाजूक तारांना धक्का बसला की त्या स्पीकरमधून किणकिणतात. बाहेर हजारो वॅटची भिंत थरथरू लागली की आपले आठ वॅटही आतून सूर लावतात. सार्वजनिक उत्सवात घरबसल्या सहभागी होण्याची अशी सोय ट्रान्झिस्टरने कधी केली नाही.

ऐंशीच्या पुढचे एखादे आजोबा घरी आल्यास सावध राहावे. त्यांनी तरुणपणी व्हॉल्व्हचा रेडिओ वापरलेला असतो आणि त्यांना कौतुक वाटत नाही. “अहो, ते तापेपर्यंत निम्म्या बातम्या संपायच्या. ट्रान्झिस्टर आला आणि आम्ही सुटलो,” असे ते म्हणतील. त्यांना तत्काळ साजूक तुपातला शिरा द्यावा आणि विषय गुडघ्यांकडे वळवावा.

राहता राहिला प्रश्न ट्यूब बदलण्याचा. पॉवर ट्यूब काही हजार तासांत थकतात, आणि इतक्या सावकाश थकतात की कळतही नाही. म्हणून त्या थकण्याआधीच बदलाव्यात. रशियातल्या, स्लोव्हाकियातल्या आणि चीनमधल्या जोड्या घ्याव्यात. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात फिरून बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने कधीकाळी बनवलेले व्हॉल्व्ह शोधावेत. ते आपल्या यंत्रात बसत नाहीत, ही सबब पुरेशी नाही. उत्तमातली जोडी कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि यंत्रात दुय्यम जोडी लावावी, कारण वाजवल्याने ट्यूबचे आयुष्य कमी होते.

सकाळची भक्तिगीते, बातम्या आणि स्वयंपाक करताना लागणारी गाणी यांसाठी ओट्यावर एक छोटा रेडिओ ठेवावा, कारण इतक्या किरकोळ कामासाठी दिवे पेटवणे परवडणार नाही. दिवसाचे बहुतेक ऐकणे त्याच्यावरच होईल. एखाद्या पाहुण्याने त्याचा आवाज ऐकून “वा, काय गोड वाजतंय हो,” असे म्हटलेच, तर तो शेजाऱ्यांचा आहे असे सांगावे.