‘तिकडं काय झालं?’

या कोजागिरीला आम्हाला सोलापूरला परत येऊन वर्ष झालं. या वर्षात सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न वर लिहिलाय. भाजीवाल्या मावशींनी विचारला, बँकेतल्या साहेबांनी विचारला, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता विचारला गेला. आवाज खाली करून, हातावर हात ठेवून. ‘वैनी, नोकरी गेली का त्यांची?’ ‘तब्येतीचं काही निघालं का?’ लांबच्या एका आत्यांनी तर नवऱ्याला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, ‘देणं झालं असलं तर सांग, लपवू नको, आपण बघू.’ त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

काही झालं नव्हतं. दोघांची नोकरी चालू होती, तब्येत ठणठणीत, देणं कुणाचं नाही. बारा वर्षं जर्मनीत राहिलो, मन भरलं, घरी यावंसं वाटलं, आलो. एवढंच. पण हे ‘एवढंच’ कुणाला पटत नाही.

विचारणाऱ्यांचा मला राग नाही. प्रेमापोटीच विचारतात. पण त्या प्रश्नाच्या तळाशी जी समजूत बसलीय, तिच्याबद्दल मला आज मोकळेपणानं लिहायचंय. सोलापूरचा शिकलेला मुलगा, शिकलेली मुलगी एकाच दिशेनं जाणार, असं आपण गृहीत धरलंय. पुणे, हैदराबाद, बंगळूर, मग विमान. जो जितका लांब गेला, तो तितका मोठा झाला. आणि उलट्या दिशेनं कुणी आलं, तर तो तिकडून ढकलला गेला असणार.

हे गाव असं कधी झालं? माझं सासर पूर्व भागातलं. नवऱ्याचे आजोबा तेलंगणातून इथं आले, हाताला विणकाम आणि तोंडात तेलुगू घेऊन. त्यांच्यासारखी हजारो पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातली, कुटुंबं आली. १८७७ मध्ये कापडाची जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या मिल. मिलच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायला लागलं. मराठवाड्यातून लोक आले, कर्नाटकातून आले. म्हणून तर इथला रिक्षावाला एका चौकात कन्नड बोलतो, दुसऱ्या चौकात तेलुगू, भाड्यावरून घासाघीस दखनीत आणि शिव्या मराठीत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो आणि संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज, आणि दोन्हीकडं गर्दी आपलीच. येणाऱ्यांनी वसवलेलं हे गाव. मग येणाऱ्याकडं ‘बिचारा’ म्हणून बघायची सवय आपल्याला लागली कुठून?

मला वाटतं, ती गिरण्या आणि माग बंद पडण्यातून लागली. ज्या घरानं स्वतःचं कसब भंगारात जाताना पाहिलं, ते घर पोराला ‘इथंच राहा’ कोणत्या तोंडानं सांगणार? माझ्या सासऱ्यांचे चार माग होते, चादरीचे. २०१६ मध्ये ते किलोच्या भावानं गेले. आम्ही तेव्हा स्टुटगार्टमध्ये. सासऱ्यांनी तीन आठवड्यांनी फोनवर सांगितलं, तेही एका वाक्यात, पावसापाण्याचं बोलता बोलता. ‘माग काढले, जागा मोकळी झाली.’ नवरा ‘बरं’ म्हणाला. फोन ठेवल्यावर रात्री उशिरापर्यंत खिडकीपाशी बसून होता.

स्टुटगार्टबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्या गावानं आम्हाला पोसलं. तिथं ‘केरवोखे’ नावाची पद्धत आहे. इमारतीत ज्याची पाळी असेल, त्यानं त्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. दाराला पाटी अडकवून जातात. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यात आपला केरच ऐकू आला. खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या पाळीला दारात उभ्या राहायच्या, पायऱ्यांचे कोपरे बोटानं दाखवायच्या. पहिल्या वर्षी मला रडू यायचं. तिसऱ्या वर्षी त्याच आजी माझ्या आईच्या आजारपणात रोज सूप आणून द्यायच्या. पण एक सांगते, तिथलं सगळं घड्याळासारखं चालतं ही गोष्ट इकडंच जास्त सांगितली जाते. तिथल्या मुख्य रेल्वे स्टेशनचं नवं बांधकाम २०१० मध्ये सुरू झालं. आम्ही २०१२ मध्ये उतरलो तेव्हा खोदलेलं होतं आणि २०२४ मध्ये निघालो तेव्हाही खोदलेलंच होतं.

निघायचं ठरल्यावर आम्ही थेट विमान पकडलं नाही. बारा वर्षं सुट्टी म्हणजे दिवस मोजून केलेली धावपळ होती. घरी तरी सावकाश जाऊ म्हटलं. सामानाचे खोके जहाजानं पाठवले आणि दोन पाठपिशव्या घेऊन निघालो. व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट, सोफिया. कुठं रेल्वे, कुठं बस. सोफियाहून इस्तंबूलला रात्रीची गाडी आहे. मध्यरात्री उलटून गेल्यावर कापुकुले या सरहद्दीवरच्या स्टेशनात सगळ्यांना सामानासकट खाली उतरवतात, पासपोर्ट बघतात, बॅगा यंत्रातून काढतात. थंडी मरणाची. आम्ही दोघं एकाच सोलापुरी चादरीत गुंडाळून रांगेत उभे होतो. आमच्या लग्नातली चादर ती, सासऱ्यांच्या मागावरची. लाल आणि काळी, मोराची.

इस्तंबूल, पामुक्काले, सगळं बघितलं. फोटो याआधी टाकलेत, परत सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते बुल्दानचं. पामुक्काले तुर्कस्तानातल्या ज्या देनिझ्ली प्रांतात आहे, तो सगळा भाग कापडाचा. टॉवेल, पंचे, चादरी. बुल्दान हे तिथलं विणकरांचं जुनं गाव. आम्ही चढाच्या गल्लीतून चाललो होतो आणि नवरा एकदम थांबला. मला आधी कळेना. मग मलाही ऐकू आलं. खट-खटाक, खट-खटाक. घराच्या तळमजल्यावर माग चालू होता.

तो विचारता विचारता आत गेला. म्हातारे गृहस्थ होते, साठी कधीच ओलांडलेली. भाषा येत नव्हती, दोघांनाही. नवऱ्यानं कापडाची किनार चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळली आणि मान हलवली. त्यांनी माग थांबवला. पिशवीतून चादर काढून नवऱ्यानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. सोलापुरी चादरीचं तुम्हाला ठाऊक आहे, नक्षी दोन्हीकडून दिसते, फक्त रंग पालटतात; इकडं लाल मोर, तर तिकडं काळा. ते त्या मोरावर बोट फिरवत राहिले. मग फोनवर भाषांतर करून विचारलं, ‘कोणी विणली?’ नवऱ्यानं सांगितलं, ‘वडिलांनी.’ त्यांनी पुढं विचारलं, ‘ते अजून विणतात?’

त्या प्रश्नावर माझा नवरा जे रडला, ते मी बारा वर्षांत बघितलं नव्हतं. २०१६ मध्ये जे खिडकीपाशी गिळलं होतं, ते तिथं बाहेर पडलं. म्हाताऱ्यांनी काही विचारलं नाही. चहा मागवला, मग परत माग सुरू केला आणि आम्हाला तिथंच बसू दिलं. तासभर आम्ही नुसते तो आवाज ऐकत बसलो होतो.

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली. सकाळी उतरलो तो कोजागिरीचा आदला दिवस. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला लाखो लोक चालत जातात, पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. रस्त्याच्या कडेनं लोक चहा, केळी, खिचडी वाटतात, पायाला तेल लावून देतात. अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. बारा वर्षांनी कायमचे आलेल्या मुलाला त्यांनी पहिला शब्द विचारला, ‘तिन्नवा?’ खाल्लंस का? अख्ख्या सोलापुरात ‘तिकडं काय झालं’ न विचारणारी माझी सासू एकटी. आयुष्यभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या तिनं. तिला ठाऊक आहे, माणूस घरी येतो तेव्हा त्याला जेवायला घालायचं असतं.

वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. जिल्ह्यात उजनीएवढं धरण आहे आणि पाण्याचा दिवस चुकला तर आम्ही दोघं बादल्या मोजतो. पहिल्या महिन्यात धुळीनं माझा घसा बसला. पुण्याच्या एका कंपनीत नवऱ्यानं मुलाखत दिली, तर तिथंही पहिला प्रश्न तोच. आता तो जुन्या कंपनीचं काम करारावर घरूनच करतो. कागदपत्रांत आम्ही दोन महिने घालवले. ज्यांच्या मनात परत यायचं आहे त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एनआरई, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं, तसंच चालू ठेवता येत नाही, कायमचं परत आल्यावर ते निवासी करून घ्यावं लागतं. आणि बरीच वर्षं बाहेर काढलेल्यांना सुरुवातीची दोन-तीन वर्षं आयकरात आरएनओआर, म्हणजे ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’, हा दर्जा मिळू शकतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथं कर लागत नाही. यायच्या तारखेवर हे हिशेब बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी चांगल्या सीएला विचारा. आम्ही नंतर विचारलं.

परत आलेल्यांनाही माझं एक सांगणं आहे, त्यात मीही आले. उठता बसता ‘आमच्याकडं जर्मनीत’ म्हणणं बंद करायला हवं. ऐकणाऱ्याला ते लागतं. तो बाराही वर्षं इथं होता, त्यानं तुमच्या आईबापांना दवाखान्यात नेलं, त्यांच्या नळाचं पाणी भरलं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात शेजारचा पोरगा तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर झोपला. मी व्हिडिओ कॉलवर होते. त्याला मी कोणत्या तोंडानं स्वच्छतेवर भाषण देऊ?

आणि बघायचं म्हणाल तर आपलं तरी आम्ही काय बघितलं होतं? युरोपातले किल्ले तिकीट काढून बघितले, पण नळदुर्गचा पाणी महाल, धरणाच्या भिंतीच्या पोटात बांधलेला, वरून पाणी कोसळत असताना आत उभं राहायचं, हे मी चाळिशीला टेकल्यावर पाहिलं. हत्तरसंग कुडलला तर नवरा-बायको तीन वेळा जाऊन आलो. भीमा-सीनेचा संगम, शेकडो मुखांचं शिवलिंग आणि संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. ‘वाछि तो विजेया होईवा.’ जो वाचेल तो विजयी होईल. आपली भाषा हजार वर्षांपूर्वी दगडावर बसलीय, आपल्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी असे शिलालेख शोधण्यात हयात घालवली. शाळेच्या सहलीला आम्हाला तिथं का नेलं नाही, याची मला आज खरंच हळहळ वाटते.

कुणी जाऊ नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. जावं, बघावं, कमवावं. २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली, होटगी रोडवरून आता विमानंही उडायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, जायची सोय झाली. अहो, त्या गाड्या परतही येतात! माझं मागणं एवढंच आहे की येणं हे जाण्याइतकंच साधं होऊ दे. बदली होऊन आल्यासारखं. कुणाच्या पोरानं ‘यावंसं वाटतंय’ म्हटलं तर आईबापांना ‘लोक काय म्हणतील’ या विचारानं झोप उडू नये. माझ्या ओळखीत असे दोघं आहेत, ज्यांना यायचंय आणि केवळ गावातल्या बोलण्याला भिऊन ते थांबलेत. एकाची आई इथं एकटी आहे.

मी आता जर्मन शिकवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. माझ्या वर्गात नर्सिंगच्या बारा मुली आहेत. बहुतेकींच्या घरी कुणी टॉवेलच्या कारखान्यात, कुणी विडीच्या कामावर. त्या जाणार आहेत आणि त्यांनी जावं म्हणून मी जीव तोडून शिकवते.

मागच्या आठवड्यात फॉर्म भरायचा धडा होता. जर्मनीत पोहोचल्यावर पत्ता नोंदवावा लागतो, त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. देश सोडताना तो काढून टाकावा लागतो, ते ‘आबमेल्डुंग’. धड्यात फक्त पहिला फॉर्म होता. मी दोन्हींच्या प्रती काढून नेल्या. मुली हसायला लागल्या, ‘मॅडम, अजून गेलोच नाही आम्ही.’ म्हटलं, असू दे, दोन्ही भरा. दुसऱ्या फॉर्मवर ‘नवीन पत्ता’ असा रकाना असतो. साखर पेठेतली एक मुलगी बराच वेळ पेन धरून बसली. मग तिनं जर्मन पद्धतीनं, आधी रस्ता, मागून घर नंबर, मग पिनकोड, असा आपल्या घरचा पत्ता सावकाश लिहिला आणि वही माझ्याकडं सरकवली.

‘स्पेलिंग बरोबर आहे का बघा की मॅडम.’