देव बहिरा आहे का यांचा?

आज पुन्हा आझाद मैदानात कुणाच्या तरी भावना दुखावल्यात. सीएसएमटीला उतरून मैदानातल्या वाटेने चर्चगेटकडे निघावं, तर पुढे बॅरिकेड. ‘उधर से घूम के जाओ.’ झालं, लेटमार्क!

आंदोलन करू नका असं कोण म्हणतंय? त्यासाठीच तर मैदानाचा एक भाग राखून ठेवलाय. शिक्षक, अंगणवाडीताई, एसटीवाले तिथे येऊन बसतात. पगार, पेन्शन मागतात. त्यांच्याकडे फाटकी ताडपत्री आणि एक घोगरा माइक. धर्माचा प्रश्न आला की मात्र स्टेज, एलईडी पडदा आणि छातीत धडधडणारे स्पीकर! झेंड्याचा रंग तेवढा बदलतो, बाकी सगळे एकाच माळेचे मणी. 11 ऑगस्ट 2012 ला आसाम-म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाला जमलेला जमाव इथेच बिथरला. दोन जीव गेले, शेजारच्या अमर जवान स्मारकाचीही तोडफोड झाली. 2025 मध्ये कबुतरखान्यासाठी जैन मुनींचं उपोषणही इथेच. कबुतरांसाठी, हो!

पलीकडे पोरं नेटमध्ये घाम गाळतायत. 1988 साली याच मैदानावर सचिन-कांबळीने 664 धावांची भागीदारी केली होती. आता कोच बेंबीच्या देठापासून ‘पाय पुढे काढ’ ओरडतोय आणि पोराच्या कानात जातंय ‘आमचा धर्म धोक्यात!’ बिचारं त्रिफळाचीत.

संध्याकाळी सगळे धर्मरक्षक पांगतात. पाण्याच्या बाटल्या, पुलावाच्या प्लेटा, तुडवलेले झेंडे तसेच. उचलतो कोण? पालिकेचा सफाई कामगार.

उद्या कुणाचा नंबर आहे तेवढं आधी सांगा रे. मी सरळ बस पकडते.