जुनी फोर बाय फोर पाळायची आहे? मग हे कराच

सगळ्यात आधी अभिनंदन. मारुतीची जुनी जिप्सी घ्यायचं ठरवलंत, नव्या गाडीचे हप्ते फेडत बसण्यापेक्षा हे बरं असं घरी सांगूनही टाकलं असेल, आणि बायको नुसतं "बघा बाबा" म्हणाली असेल तर तो होकार समजा. १९८५ साली आलेली गाडी, १९९६ ला तिची "जिप्सी किंग" झाली, इंजिन १३०० सीसीचं झालं, २००० पासून एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा), आणि २०१९ ला शोरूममधून गेली ती गेलीच. म्हणजे आता रस्त्यावर ज्या काही उरल्यात त्या सगळ्या जुन्याच. तरी विकणारा प्रत्येक जण सांगतो की साहेबांची गाडी आहे, सिंगल हँड, चाललीच नाहीये. विश्वास ठेवा. साहेब पायीच हिंडायचे.

फौजेच्या लिलावातली मिळाली तर तर काय विचारूच नका. हिरवा रंग अजिबात बदलू नका. ऑलिव्ह ग्रीन रंग फौजेच्या गाड्यांशिवाय कोणाला लावता येत नाही असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२१ नंबरचा नियम आहे म्हणे, पण नियम वाचून जीप घेतो कोण?

कागदांचंही टेन्शन घेऊ नका. १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं, त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांच्या वरच्या गाड्यांना १०,००० केली. आपल्या नातेवाइकांना जुन्या गाडीची कदर नसेल, सरकारला आहे.

पेट्रोल ई-२० च (वीस टक्के इथेनॉलवालं) मिळणार, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवतं का हे नळ्यांनाच विचारा.

टायर मोठे घाला. कंपनीने २०५/७० चे पंधरा इंची दिलेत, ते बावळट दिसतात, म्हणून सगळे २३५/७५ घालतात, तुम्हीही घाला. जड चाकाचा मार पुढे जाऊन किंगपिनच्या, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिच्या, बेअरिंगवर पडतो, पण बेअरिंग काय रीलमध्ये दिसतं का? पुढे लोखंडी गार्डही लावून घ्या, २०१७ च्या डिसेंबरात त्यावर बंदी आली तरी लावणारे लावतायतच.

आता फोर व्हील. त्यासाठी चिखलाची वाट बघत बसू नका. उन्हाळ्यात रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगराकडे निघा आणि चढावर सुक्या डांबरावरच फोर व्हीलचा तो छोटा लिव्हर ओढा. या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळा वेग चालवून घेणारी गिअरची पेटी, नाही, फोर व्हील लागलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मागच्यांना कमी. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशोब मिटतो, डांबरावर घसरत नाही, मग तो सगळा पीळ ट्रान्सफर केसच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) दातांत आणि शाफ्टच्या क्रॉसमध्ये साठत राहतो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर काही केल्या परत निघत नाही. थोडी रिव्हर्स घेतली की तो सुटतो. पण तुम्ही लाथच मारा, व्हिडिओ चांगला येतो. आणि पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक शाफ्टला जोडायचे-सोडायचे खटके, फ्रीवरच राहू द्या. लिव्हर ओढला, डॅशबोर्डवर दिवा लागला, मित्रांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नाहीये, हे चोरलच्या चिखलात अर्धं चाक रुतल्यावर कळण्यात एक वेगळाच आनंद आहे.

ऑइल बदलायला जाल तेव्हा फक्त "ऑइल बदलून टाका" एवढंच म्हणा. गिअरबॉक्सचं वेगळं, ट्रान्सफर केसचं वेगळं, पुढच्या डिफरन्शियलचं, मागच्या डिफरन्शियलचं, अशी यादी वाचून दाखवली की लोक तुम्हाला रिकामटेकडा समजतात. मेकॅनिककडे "नब्बे नंबर" नावाचा एक डबा असतो, सगळं त्यातूनच होतं. गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना चालणारं तेल वेगळं आणि डिफरन्शियलच्या दातांना लागणारं वेगळं हे डब्यावर जीएल-४, जीएल-५ असं लिहिलेलं असतं, पण तो डबा इतका काळा झालेला असतो की वाचणार कसं? शिवाय पद्धत ठरलेली आहे. आधी खालचा प्लग उघडून सगळं तेल काढून टाकायचं आणि मग वरचा, भरायचा प्लग बघायला जायचं. तो गंजून बसलेला, मागच्या कोणीतरी भलत्याच पान्याने फिरवून फिरवून गोल केलेला. आता गाडीत तेल नाही आणि तेल भरायला वाटही नाही. वरचा आधी सैल होतो का बघायला अर्धा मिनिट लागतो हो. पण अर्धा मिनिट आहे कोणाकडे!

पुढच्या चाकाच्या आतून तेल गळायला लागलं आणि गल्लीत समोरच्या काकू रोज सकाळी रांगोळी टाकताना तुमच्याकडे बघायला लागल्या, तर नकलचा, म्हणजे पुढचं चाक वळतं त्या सांध्याचा, बाहेरचा मोठा सील बदला. परत गळेल. परत बदला. एक्सलच्या आतला सील गेला की डिफरन्शियलचं तेल नकलच्या गोळ्यात येतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि बाहेर पडतं, त्यात बाहेरच्या सीलचा बिचाऱ्याचा काय दोष, पण आतला बदलायचा म्हणजे हाफ शाफ्ट बाहेर काढा, ती कटकट कोण करणार. काकूंना सांगा, चांगल्या गाडीची खूण आहे.

जुना काढलेला पार्ट परत मागू नका, गॅरेजवाल्यांना वाईट वाटतं.

आणि स्टिअरिंग फडफडायला लागलं की मात्र लगेच गॅरेज गाठा. राऊच्या पुढे पीथमपूरकडे जाताना पंचावन्न-साठचा स्पीड, एक फालतू खड्डा, आणि पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते बंदच होत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. गॅरेजमध्ये आधी सांगतील बॅलन्सिंग करा. करा. मग अलाइनमेंट. तीही करा. मग टाय रॉडचे एंड, मग स्टिअरिंगचा डँपर, मग "भिया टायर ही खराब है", सगळं अंदाजपंचे दाहोदरसे, आणि प्रत्येक वेळी बिल तुमच्या नावाचं. एवढं सगळं बदलून झालं आणि गाडी तशीच हलतेय म्हटलं की शेवटचं वाक्य येतं, "भिया, जिप्सी है, इतना तो हिलेगी." इतना तो हिलेगी म्हणजे काय? फौजेने ही गाडी लडाखपर्यंत चालवली, तिथे काय अशीच नाचत जात होती?

चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा, खेळ लागतो का बघा. मग एकाला आत बसून ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. एवढीच परीक्षा आहे, फुकट आहे, मशीन लागत नाही, आणि कोणी करत नाही, कारण बॅलन्सिंगचे पैसे मिळतात आणि चाक हलवून बघण्याचे मिळत नाहीत.

बरं, किंगपिन. मी नुकतेच दोन्ही बाजूचे नकल उघडायला दिले. बेअरिंग स्वतः शोधून आणली, कारण बाजारात "कंपनी का", "फर्स्ट कॉपी" आणि "दिल्लीवाला" अशा तीन जाती असतात आणि तिघांचा डबा एकच. सील, फेल्ट, गॅस्केट, सगळा किट हातात नेऊन दिला. चार जागी शिम, म्हणजे बेअरिंग किती आवळायची ते ठरवणाऱ्या पातळ चकत्या आहेत, त्या जशा निघतील तशा ठेवा हेही बोलून आलो. "भिया आप टेन्शन मत लो." संध्याकाळी गेलो तर गाडी धुऊन पुसून उभी. फडफड? गेली! मी खूश. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि ते परत सरळ यायलाच तयार नाही, हाताने ओढून आणावं लागतंय, दोन्ही हातांनी. मागे वळलो, विचारलं शिम किती टाकल्या. "कौन सी शिम?" अहो त्या पातळ वॉशर, किंगपिनच्या खाली होत्या त्या. "अच्छा वो पतरे? वो तो जंग खाए हुए थे, लड़के ने फेंक दिए."

कुठे फेंक दिए? तर सकाळच्या कचरा गाडीत.

आता बघा, २०१७ पासून आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यायची आपल्याला सवय, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, आणि या गॅरेजमध्ये तर जमीन इतकी साफ की खाली पडलेला नट दिसावा. त्या साफसफाईत माझ्या शिम गेल्या. काही तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या होत्या. कोणत्या जागी किती होत्या ते आता कोणालाच माहीत नाही. दुकानात विचारलं तर "शिम अलग से नहीं आती", लेथवाला म्हणतो पत्रा कापून देतो, "कितने एमएम की?" हेच तर कळत नाहीये ना दादा! आणि मेकॅनिकला विचारलं तर तो हसून म्हणतो, "नया काम है भिया, टाइट तो रहेगा, चलाते चलाते सेट हो जाएगा."

सेट हो जाएगा म्हणजे काय होणार ते सांगतो. शिम काढल्या की बेअरिंग गरजेपेक्षा जास्त आवळली जातात. गाडी जास्त वेळ सरळच चालते, म्हणून रोलर एकाच जागी दाबत राहतात, रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) खाचा पडतात, स्टिअरिंग मध्यावर येऊन अडकायला लागतं, मग हळूहळू तिथेच खेळ तयार होतो आणि एक दिवस साठच्या स्पीडला तीच फडफड परत. तेव्हा हाच माणूस म्हणणार, बेअरिंग डुप्लिकेट होत्या, आपने ही लाके दी थी.

आणि बेअरिंग किती आवळलीत हे मोजायला लागतं काय? रद्दीवाल्याकडे असतो तो हुकाचा काटा. सील लावायच्या आधी नकलच्या टाय रॉडच्या भोकात हुक अडकवायचा आणि ओढायचं, साधारण १ ते १.८ किलोला नकल हलायला लागला पाहिजे. कमी भरला तर शिम काढा, जास्त भरला तर घाला. बस. शंभर-दोनशे रुपयांचा काटा. आमच्या गल्लीतला रद्दीवाला जुनी वर्तमानपत्रं ज्या काळजीने तोलतो तेवढीही काळजी माणसं बसतात त्या गाडीच्या स्टिअरिंगची घेतली जात नाही.

जाऊ द्या, गोड बोलून सल्ले देणं माझ्याच्याने आता होत नाही.

ज्या मेकॅनिकना शिम म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनी नकल उघडू नका. "मला हे येत नाही" म्हणायला काय जीभ झडते? क्लच करा, सर्व्हिसिंग करा, मान्य, चांगलं करता. पण सिमरोलच्या घाटात गाडीत मागे पोरं बसलेली असतात आणि समोरून ट्रक येत असतो, तिथे स्टिअरिंग परत आलं नाही तर काय करायचं, तिथे फोन करू का तुम्हाला? छिन्नी-हातोडीने हबचा नट फिरवायचा, त्याचा मोठा पाना घ्यायचा नाही. ग्रीस बोटाने लावून मोकळं. टॉर्क पाना तर भिंतीवर टांगलेला, त्याला अगरबत्ती. वर जुन्या गाड्यांचं काम परवडत नाही म्हणून रडायचं.

आणि तुम्ही गाडीवाले काय कमी आहात? लाखभराचे टायर आणि लाइटी लावता आणि नकलच्या मजुरीत पाचशेवरून अर्धा तास घासाघीस करता. दुपारपर्यंत द्या, संध्याकाळी ग्रुपची ट्रिप आहे. मग तो मोजणार कधी? बिल मागत नाही, जुना पार्ट मागत नाही, कोणता ब्रँड टाकला विचारत नाही, आणि गाडी हलली की "जिप्सी आहे, चालायचंच" असं त्याच्या आधी तुम्हीच म्हणता. तुम्हीच शिकवलंय त्यांना हे. काम चालू असताना समोर उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा, प्रत्येक जागची शिम वेगळ्या पुडीत बांधायला लावा आणि वर मार्करने लिहा, डावी वरची, डावी खालची, उजवी वरची, उजवी खालची. काटा नसेल तर आपला घेऊन जा. नाही म्हणाला तर गाडी टो करून दुसरीकडे न्या, लाज कसली त्यात. आणि काम झाल्यावर "चलाते चलाते सेट हो जाएगा" असं म्हणाला ना, तर पैसे देऊ नका. एक रुपया देऊ नका.