हंगामी राज्यघटना मुरवण्याची कृती

समजा, उद्या तुम्हाला एक नवाकोरा देश मिळाला. हसू नका. 9 जुलै 2011 ला जुबा शहरात दक्षिण सुदानचे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांना मिळालाच की! त्याच वर्षीच्या जानेवारीत जवळपास 99 टक्के मतदारांनी सुदानपासून वेगळं व्हायला होकार दिला होता. तेव्हा त्याच देशाचा कित्ता समोर ठेवा आणि नीट गिरवा.

राज्यघटना पहिल्याच दिवशी लागू करा, पण नावात 'हंगामी' घालायला विसरू नका. सगळी गोम त्या शब्दात आहे. कायमची घटना लिहायला आयोग नेमा (तिथे जानेवारी 2012 मध्ये नेमला) आणि ती लोणच्यासारखी मुरू द्या. तिथली बरणी अजून उघडलेली नाही.

मुदती मात्र लिहाव्याच लागतात, इलाज नाही. तिथे निवडणूक 2015 मध्ये व्हायची होती. ते साल उजाडताच संसदेने मुदत 2018 पर्यंत वाढवली, 2018 मध्ये 2021 पर्यंत. मग डिसेंबर 2024 ठरला. तो तोंडावर आल्यावर 22 डिसेंबर 2026. कीर स्वतः निवडून आले ते 2010 मध्ये, म्हणजे देश जन्मायच्या आधी. बारसं असं लग्नातच उरकून घ्यावं, खर्च वाचतो.

घटनेत दहा राज्यं आहेत म्हणून दहावर थांबू नका. ऑक्टोबर 2015 मध्ये कीर यांनी एका फर्मानाने त्यांची 28 केली आणि महिनाभराने संसदेने घटना त्या मापाची शिवून दिली. 2017 मध्ये 32 झाली. प्रत्येक राज्याला एक राज्यपाल लागतो, हे तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसाला सांगायला नको. 2020 मध्ये यादवीतल्या विरोधकांशी झालेल्या समेटापायी पुन्हा दहावर यावं लागलं. वर तीन प्रशासकीय क्षेत्रं ठेवली, अगदीच मोकळं वाटू नये म्हणून.

विरोधकाला उपराष्ट्राध्यक्ष करावं. कीर यांचे प्रतिस्पर्धी रीक माचार यांना जुलै 2013 मध्ये त्या पदावरून काढलं आणि डिसेंबरात यादवी पेटली. लढाई, उपासमार, रोगराई धरून 2018 पर्यंत सुमारे 3,83,000 माणसं गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. हा आकडा फर्मानाने कमी होत नाही, म्हणून भाषणात घेऊ नका. त्यापेक्षा समेटानंतरचे आकडे सांगा: उपराष्ट्राध्यक्ष पाच, खासदार 550! त्या पाचांत माचारही होते. मार्च 2025 मध्ये ते घरातच कैद झाले, सप्टेंबरात देशद्रोहाचा आरोप आला.

नेमणुका आणि हकालपट्ट्यांची फर्मानं सरकारी टीव्हीवर वाचून दाखवा. मंत्री मग रात्रीच्या बातम्या चुकवत नाहीत.

आणि हो, 2026 च्या कॅलेंडरवर 22 डिसेंबरभोवती गोल करायचा असेल तर पेन्सिलने करा. खोडरबर जवळ असू द्या.