‘सॉफ्टवेअरवर गिटार शिकलेल्याचा कान तयार होत नाही’: हे खरं नाही

गिटार शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संगणकाच्या मदतीने शिकणाऱ्याचा कान कधीच तयार होत नाही. कारणं पाच. ट्यूनर (तार सुरात आहे का ते काट्याने दाखवणारं साधन) कान आळशी करतो, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं गाणं) ही संगणकाने आणलेली पळवाट आहे, गाणं हळू करून शिकणं ही फसवणूक आहे, ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या मेट्रोनोममुळे वाजवणं यांत्रिक होतं, आणि समोर गुरू नसेल तर केलेली मेहनत फुकट. माझ्या भाचीने हे वाचलं आणि सगळी सॉफ्टवेअरं काढून टाकली. शिकायला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

टॅबचं आधी उरकते. तारांच्या रेघांवर फ्रेटचा, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या घराचा, आकडा लिहायची पद्धत संगणकाच्या कितीतरी शतकं आधीची आहे. स्पेनमध्ये १५३६ साली लुईस मिलान याचं विहुएला या गिटारच्या कुळातल्या वाद्यासाठीचं पुस्तक निघालं, ते टॅबमध्येच. दोष द्यायचाच असेल तर तो नुसते आकडे टाइप केलेल्या टॅबला द्या, कारण तिच्यात कुठला सूर किती वेळ धरायचा हेच नसतं. ‘गिटार प्रो’ किंवा मोफत मिळणारं ‘टक्सगिटार’ यांतली टॅब वाजून दाखवते. हरवलेली लय तिथे परत मिळते, आणि तीही कानावाटे.

ट्यूनरच्या बाबतीत मजकुरात थोडं तथ्य आहे. काट्याकडे बघून तारा लावायच्या आणि ऐकायचंच नाही, अशी सवय लागू शकते. पण नवशिक्याने फक्त कानाने लावायचं ठरवलं तर काय होतं? सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरून पाचवी, पाचवीवरून चौथी, असं करत जाताना प्रत्येक टप्प्यावरची चूक पुढच्या तारेत उतरते. महिनाभर तो बेसूर वाद्यावर रियाज करत राहतो आणि कानाला तेच बरोबर वाटायला लागतं. त्यापेक्षा आधी कानाने लावा, मग ट्यूनरने तपासा. दोन तारांत २ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला दोन कंपनांचा, फरक असेल तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. ते हेलकावे मंद होत होत थांबतात, तो क्षण कानाने पकडायचा. गंमत म्हणजे सहाही तारांवर काटा बरोबर मध्यावर आला तरी ई मेजर या कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांतला, गांधार किंचित चढाच लागतो. समान अंतराच्या बारा सुरांत तो शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो, आणि एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. हे ज्याला ऐकू येतं त्याचा कान ट्यूनरने बिघडवलेला नाही.

आता हळू करण्याबद्दल. हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण माझा कान ज्याने घडवला ती हीच गोष्ट. ध्वनिमुद्रिकांच्या काळातही वादक मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांच्या गतीवर लावून अवघड जागा उतरवून घ्यायचे. वेग निम्मा व्हायचा, पण सूरही एक सप्तक खाली उतरायचा. संगणकाने एवढंच केलं की वेग कमी केला तरी सूर जागेवर राहतो. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे करता येतं.

मी एकदा चार सेकंदांचा एक तुकडा लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहील असा, लावला होता. पूर्ण वेगात मला त्यात तीन सूर ऐकू यायचे. ६० टक्क्यांवर पाच निघाले. दोन पुल-ऑफमध्ये दडलेले होते, बोट तारेवरून निसटताना उमटलेले, पिक (तार छेडायची पट्टी) न मारलेले. मग आधी ते पाच सूर गुणगुणून पाहिले, गळ्यात बसल्यावर तारेवर शोधले, आणि हळूहळू वेग वाढवत पूर्ण वेगावर आले. गाणं पुन्हा मूळ वेगात लावलं तेव्हा ते पाचही स्वच्छ ऐकू येत होते. गाणं तेच होतं, कान बदलला होता. याला फसवणूक कसं म्हणायचं? फक्त निम्म्याच्याही खाली जाऊ नका, पिकचा आघात पसरट होतो आणि काहीच धड कळत नाही.

मेट्रोनोमला यांत्रिक म्हणणाऱ्यांनी स्वतःचं वाजवणं एकदा रेकॉर्ड करून ऐकावं. सोप्या जागी आपण पळतो, कॉर्ड बदलताना रेंगाळतो. लय वाकवायची असेल तर आधी ती सरळ धरता यायला हवी. मात्र सॉफ्टवेअरसोबत वाजवताना ब्लूटूथ हेडफोन लावू नका. आवाज उशिरा पोचतो आणि चूक तुमची वाटते.

मजकुरात न आलेली पण खरी अडचण वेगळी आहे: बरोबर वाजवलं की सॉफ्टवेअर दाखवतं ती हिरवी खूण. शिकवणीच्या सॉफ्टवेअरला सूर ऐकू येतो, हात दिसत नाही. दुसरी तार खुली, तिसरीचा चौथा फ्रेट आणि चौथीचा नववा, तिन्हीकडे तोच २४६.९ हर्ट्‌झचा बी हा सूर. एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची) शिकताना माझ्या पहिल्या बोटाच्या सांध्याची खळगी नेमकी दुसऱ्या तारेवर यायची आणि ती तार नुसती टक् करायची. खूण मात्र हिरवी. कारण नंतर उमगलं. त्या तारेवर हवा होता २६१.६ हर्ट्‌झचा सी. पाचव्या तारेवर खालच्या सप्तकातला सी १३०.८ला वाजत होताच, आणि त्याचा पहिला उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारा वरचा सूर) नेमका २६१.६वर पडतो. मायक्रोफोनला सी मिळाला. मेलेली तार मला सापडली ती रेकॉर्डिंग ऐकताना, एकेक तार वेगळी छेडून.

राहिला गुरूचा मुद्दा. मेहनत फुकट जाते हे मला मान्य नाही, पण गुरूची जागा सॉफ्टवेअर घेतं असंही मी म्हणणार नाही. त्या एफच्या काळात माझं डावं मनगट दुखायला लागलं होतं आणि मी सरावच कमी पडतोय असं समजून आणखी वाजवत होते. एका जाणत्या वादकाने पाहिलं, मानेमागे गच्च दाबलेला माझा अंगठा सैल करायला लावला आणि गिटारची मान थोडी वर उचलायला सांगितलं. पंधरा दिवसांत दुखणं गेलं. भाचीला मी दोन्ही सांगितलंय: सॉफ्टवेअर पुन्हा टाक, आणि महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी तुझा हात दाखव.