बारा वर्षं राहिलो म्हणून सरकारी जमीन आपली होत नाही बाब!

गोव्यात सरकारी जमिनीवर होणाऱ्या अतिक्रमणावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की सरकारी जमीन म्हणजे जनतेचीच, गरिबाने त्यात चार चिरे लावले तर अतिक्रमण कसलं, आणि बारा वर्षं झाली की कायद्यानेच ती त्याची होते, मी उगाच लोकांना घाबरवतो.

आधी ते बारा वर्षांचं. ते खाजगी जमिनीला हो. सरकारला दावा लावायला मुदत कायद्यात 30 वर्षं दिलीयत, आणि तेवढी काढली तरी आपोआप काही होत नाही, मालकाला न जुमानता उघड कब्जा ठेवला हे कोर्टात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आता जमीन माझीच म्हणायचं आणि वर रेग्युलराइज करा म्हणून सरकारकडे अर्ज टाकायचा, म्हणजे मालक कोण ते आपणच लिहून दिलं की!

पंचायतीचा घर नंबर आहे, घरपट्टी भरतो, लाइट बिल येतं, हे नेहमीचंच. त्याने टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, येत नाही. एक-चौदाचा उतारा (आपल्या गोव्यातला सातबारा) काढून कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा. कोमुनिदाद, म्हणजे गावाच्या जुन्या सामुदायिक संस्थेची जमीन असेल तर ती सरकारचीसुद्धा नाही, गावकारांची (गावच्या मूळ घराण्यांची), तिचा कोड, म्हणजे कायदा, वेगळा. आणि मुंडकाराला यात ओढू नका प्लीज, तो भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहिलेला माणूस, त्याला संरक्षण द्यायला 1975 चा कायदा आहे.

राहिलं जनतेचं. पंजाबात गावच्या तळ्यात भराव घालून घरं बांधली, ती केस सुप्रीम कोर्टात गेली, 2011 चा जगपाल सिंग निकाल. कोर्ट म्हणालं, किती वर्षं राहिलात, किती खर्च केलात यावर रेग्युलराइज होणार नाही. भूमिहीन मजुरांना सरकारने रीतसर दिलेल्या जागा, शाळा, दवाखाना यांना मात्र सूट ठेवली. म्हणजे गरिबाचा विचार त्यात आहेच! आपल्याकडे मात्र चतुर्थीच्या सुट्टीत ऑफिसं बंद बघून रातोरात पत्रे चढवतात ते सगळे गरीब असतात का, तुम्हीच सांगा.

2025 मध्ये आपल्या विधानसभेने कायदा बदलला, 28 फेब्रुवारी 2014 आधीची घरं नियमित करायला. ज्यांचं खरंच एकच घर आहे त्यांना मिळू दे, माझी ना नाही. पण कटऑफ एकदा दिला की पुढचा माणूस पुढच्या कटऑफची वाट बघत पाया खणतो, माझा आक्षेप एवढाच होता, तो तुम्ही वाचलाच नाहीत.

तुमच्या ओळखीच्यांचं घर खरंच 2014 आधीचं असेल तर जुनी घरपट्टीची पावती, लाइटचं जुनं बिल शोधून ठेवायला सांगा, तिथे तारखेचा पुरावा म्हणून ते कामाला येईल. आणि अर्जाच्या नादात गडगा (कुंपणाची दगडी भिंत) आणखी पुढे सरकवू नका म्हणावं.